शून्य गुणांची आई

त्या इस्पितळात त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. हुद्दा होता जोखीम व्यवस्थापन अधिकारी, पण एवढं लांबलचक म्हणायला वेळ कोणाला आहे? जिन्यात कोणी भेटलं की हा म्हणायचा "सांभाळून". कोणी दार उघडलं की "सांभाळून". कोणी शिंकायला तोंड वर केलं तरी "सांभाळून". शेवटी लोकांनी त्याचं सांभाळूनराव करून टाकलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनातून आवडलंही होतं.

माणूस वाईट नव्हता हो. चांगला होता, आणि तिथेच सगळं बिनसलं. वाईट माणूस चार वाजता घरी जातो, हा सहापर्यंत बसायचा. पूर्वी तिथे वर्षाला तीस-पस्तीस रुग्ण पडायचे. ताप उतरवायला यायचे आणि खाटेवरून उतरताना खुबा मोडून घ्यायचे. एक निवृत्त मास्तर पायाच्या अंगठ्याला गळू झालं म्हणून आले, ओल्या फरशीवर घसरले आणि गळू बरं व्हायच्या आत गेले. त्या दिवशी सांभाळूनरावाच्या घशाखाली घास उतरला नाही. आता इथे कोणी म्हणजे कोणी पडणार नाही, असं त्याने ठरवलं आणि हात धुऊन त्या पडण्याच्या मागे लागला.

त्याने एक तक्ता बनवला. पूर्वी कधी पडला असाल तर पंचवीस गुण, काठी वापरत असाल तर पंधरा, चालताना अडखळत असाल तर वीस. अंथरुणातून उठतच नसाल तर शून्य, कारण जो उठत नाही तो पडणार कसा? जितके गुण जास्त तितका धोका जास्त. रोज दुपारी दोन वाजता वॉर्डातल्या सिस्टरने प्रत्येक खाटेपुढे जाऊन हा तक्ता भरायचा आणि बेरीज करून खाली शेरा लिहायचा. दहाच्या आत गुण असले की शेरा ठरलेला, "समाधानकारक".

ज्यांचे गुण पंचेचाळीसच्या वर, त्यांच्या मनगटाला पिवळा पट्टा. पट्टा बाहीखाली झाकला जातो असं दिसलं, म्हणून पिवळे मोजे. मोजे पांघरुणात जातात, म्हणून पिवळं पांघरूण. मग चादर, मग उशीचा अभ्रा, मग खाटेभोवतीचे पडदे. पिवळ्या पडद्यांतून आत येणाऱ्या उजेडात एका नव्या डॉक्टरला सगळा वॉर्ड कावीळ झाल्यासारखा दिसला आणि त्याने एका सकाळी तेरा जणांचं रक्त तपासायला पाठवलं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं हे ऐकलं होतं, पण जगाने पडदे पिवळे लावून उलट डॉक्टरलाच फसवावं, हे तिथेच घडलं. मेट्रनबाईंनी पडदे काढा म्हटलं. सांभाळूनरावाने पडदे ठेवले आणि बाहेर पाटी लावली, की इथला पिवळेपणा इस्पितळाचा आहे, रुग्णाचा नाही.

पडण्याच्या बेतात असणं हाही प्रकार त्याने नोंदीत घेतला. कोणाचा पाय खाटेबाहेर लोंबला, लिहा. कोणी कठड्याला हात लावला, लिहा. चार नंबरच्या खाटेवरचा रुग्ण एकदा ओरडत जागा झाला आणि म्हणाला, स्वप्नात पडलो. सिस्टरने तेही लिहिलं. त्यावर इस्पितळाची सुरक्षा समिती दीड तास बसली. हे पडणं आपल्या हद्दीत येतं का, असा मेट्रनबाईंचा मुद्दा होता. माणूस पाठवून चौकशी केली, तेव्हा कळलं की तो स्वतःच्या घराच्या गच्चीवरून पडला होता. समितीने सुटकेचा श्वास सोडला. पण पुढच्याच आठवड्यात तो स्वप्नात वॉर्डाच्या बाहेरच्या बोळात पडला. तेव्हापासून सगळ्यांनी न घसरणारे मोजे घालूनच झोपायचं असा नियम झाला, म्हणजे स्वप्नातही ते पायात राहतील.

एका सिस्टरमागे बावीस खाटा. तिने काय करावं? तिने खाटेचे कठडे वर केले ते खाली केलेच नाहीत. ज्याला चालता येत होतं त्यालाही भांडं दिलं. कोणी उठेना, म्हणून कोणी पडेना. दारातल्या फळ्यावर आकडा चढू लागला, न पडता शंभर दिवस, न पडता दीडशे दिवस. सांभाळूनराव रोज सकाळी खडू घेऊन स्वतः आकडा बदलायचा आणि दोन पावलं मागे होऊन बघायचा, मागे कोणी नाही ना याची खात्री करून.

आणि एकशे नव्वदाव्या दिवशी त्याची आई त्याच वॉर्डात आली.

आईने एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं होतं. शहराच्या त्या अंगाला टेकडीवर घरं होती, पायऱ्या मोजून माणूस दमेल अशी. ही बाई खांद्याला पिशवी अडकवून रोज ती चढायची नि उतरायची. आता वय चौऱ्याहत्तर. छातीत कफ भरला, ताप चढला, श्वास लागला, म्हणून अकरा नंबरच्या खाटेवर ठेवली. औषध लागू पडलं. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजी ठणठणीत आहेत, घरी न्या.

पण घरी पाठवण्याआधी घराचा तक्ता भरायचा असतो, आणि तो भरणार कोण? सांभाळूनरावच. दुसरा मजला. छत्तीस पायऱ्या. लिफ्ट नाही. बैठकीत सतरंजी, तिची एक कड दुमडलेली. न्हाणीघरात गुळगुळीत फरशी. एक मांजर, तेही पायांत येणारं. बेरीज नव्वद. इस्पितळात आईचे गुण होते शून्य. आता शून्यातून उचलून नव्वदात कोण घालेल? जगात कुठला मुलगा घालेल? त्याने कागदावर लिहिलं, घर रुग्णासाठी अयोग्य. बायकोने ते वाचलं आणि विचारलं, की त्या घरात आम्ही पण राहतो, आम्हाला कधी दाखल करताय? तो क्षणभर खरंच विचारात पडला.

आई आधी भांडली. मग आठव्या दिवशी कठड्यावरून पाय टाकून उतरायला गेली, तेव्हा खाटेचा गजर वाजला, दोन सिस्टर धावल्या, तिसऱ्या मजल्यावरून सांभाळूनराव धापा टाकत आला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. आईने तो चेहरा बघितला आणि निमूट पाय आत घेतला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती नंतर म्हणाली, की लेकरू घाबरतं हो, लहानपणी पाळण्यात घातलं तरी दोन्ही दोऱ्या धरून बसायचं. त्यानंतर ती उठली नाही. आजारासाठी पडून राहणारी माणसं पुष्कळ, ही पोराच्या भीतीसाठी पडून राहिली.

आणि गुण बघा कसे. रोज शून्य. दहा दिवस शून्य, पंधरा दिवस शून्य. मेट्रनबाईंनी तिचा फोटो काढून फळ्याशेजारी लावला, खाली लिहिलं, आदर्श रुग्ण. येत्या गुरुवारी वरून तपासणी पथक यायचं होतं. त्यांनी पसंती दिली की इस्पितळाला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळणार, आणि पथकाला दाखवायला अकरा नंबरची खाट ठरली. सांभाळूनरावाची छाती अभिमानाने फुगली. स्वतःची आई आणि वर आदर्श, माणसाला आणखी काय हवं?

सोमवारी व्यायामवाल्या बाई त्याच्या खोलीत आल्या. रुग्णांच्या हातापायांना हालचाल देणं हे त्यांचं काम, पण गेल्या सात महिन्यांत त्यांना कोणी कामच दिलं नव्हतं. बाई तोंडाने फटकळ. त्यांनी गळ्यातली मोजपट्टी टेबलावर आपटली आणि सांगितलं, की तुमच्या आईची मांडी त्या आल्या तेव्हा केवढी होती आणि आज केवढी आहे ते मी मोजलंय. चार बोटं कमी झाली आहे. या वयात पाय वापरले नाहीत की पाय राहत नाहीत. या आठवड्यात उभ्या राहिल्या तर राहतील. नाही राहिल्या, तर मग पुढे कधीच नाही, मग नेताना खाटेसकट न्या.

 आईला चालवायलाच हवं, हे सांभाळूनरावाला त्या क्षणी पटलं. पण पटणं वेगळं आणि परवानगी वेगळी. चालण्याचा अर्ज भरावा लागतो, त्यावर नऊ सह्या, आणि आधी रंगीत तालीम. हा नियम कोणी केला होता ते विचारू नका.

मंगळवारी तालीम झाली. रुग्णाच्या जागी सांभाळूनरावाच्या सहायकाला उभं केलं. दोन बाजूंनी दोन जण धरायला, मागे चाकांची खुर्ची घेऊन एक जण, पडलाच तर लागू नये म्हणून अख्ख्या बोळात गाद्या अंथरलेल्या. आता गादीवर कोणाला धड चालता येतं का? सहायक तिसऱ्या पावलाला डोलला, धरणारे दोघे डोलले, खुर्ची मागून येऊन गुडघ्यात बसली आणि चौघांचा ढीग झाला. सहायकाचा घोटा सुजला. तो कर्मचारी असल्यामुळे त्याचं पडणं फळ्याच्या आकड्यात धरलं नाही. मग त्याला शेजारच्या वॉर्डात दाखल केलं आणि पिवळे मोजे घातले. चालण्याचा अर्ज, तालीम असमाधानकारक, या शेऱ्यानिशी परत आला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, इथे तर इलाजाचा सरावच भयंकर निघाला.

बुधवारी संध्याकाळी तो आईजवळ बसला. रोज ती एकदा तरी विचारायची, घरी कधी नेतोस. त्या दिवशी तिने विचारलं नाही. त्याने वाट बघितली. मांजराचा विषय काढला, नातवाच्या परीक्षेचा काढला. ती हो हो म्हणत राहिली. मग पांघरुणाकडे बघत म्हणाली, "तिकडे खाली माझे पाय आहेत का रे? मला काही वाटत नाही." त्याने पांघरूण दूर केलं. पिवळ्या मोज्यांतून वर आलेल्या दोन काटक्या. टेकडी चढणारे पाय ते. त्याने घाईघाईने पांघरूण परत घातलं आणि सांभाळून हं, एवढंच बोलून घरी गेला. वाटेभर त्याला रडू येत होतं आणि रस्ता ओलांडायचा असल्यामुळे त्याने ते दाबून धरलं.

गुरुवार उजाडला. पथक तीन वाजता येणार होतं. अडीच वाजता सांभाळूनरावाने वॉर्डातले तक्ते शेवटचे नजरेखालून घालायला घेतले. एकेक कागद उलटत गेला. खाट सात, दहा गुण. खाट आठ, पाच गुण. खाट नऊ, शून्य. खाट दहा, रिकामी. खाट अकरा, शून्य. शून्य, समाधानकारक. नऊलाही तेच, अकरालाही तेच. तो खूश होऊन सिस्टरला म्हणाला, की वा, नऊ नंबरवाले काका तर गेल्या आठवड्यात फार तळमळत होते, पंचेचाळीसच्या खाली यायचे नाहीत, आता शून्यावर आले म्हणजे बराच आराम दिसतोय.

सिस्टरने मान वर केली. ती सकाळपासून पायावर होती. ती म्हणाली, "काका एक वाजता गेले, साहेब. खाली न्यायला माणूस यायचाय अजून. दोन वाजता खाटेवर होते, म्हणून भरला तक्ता."

सांभाळूनरावाने नऊ नंबरकडे बघितलं. पडदा ओढलेला होता. त्याने पुन्हा हातातल्या कागदांकडे बघितलं. चालणं, शून्य. धडपड, शून्य. उठण्याचा प्रयत्न, नाही. एक कागद मेलेल्या माणसाचा, एक त्याच्या आईचा, आणि वरचा खाटेचा नंबर झाकला तर कुठला कोणाचा ते खुद्द त्यालाही सांगता आलं नसतं. दोघंही समाधानकारक. त्याच्या पायाखालची जमीन सरकली, कोरडी फरशी असूनसुद्धा. आपण आईला सांभाळत नव्हतो, आपण तिला हळूहळू त्या दुसऱ्या कागदासारखं करत आणलं होतं, हे त्याला एकदम आणि पुरतं कळलं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

तो अकरा नंबरपाशी गेला आणि कठड्याची कळ दाबली. इतके दिवस कठडा खाली केला नसल्यामुळे तो अडकून बसला होता. त्याने लाथ घातली तेव्हा धाडकन खाली आला. गजर वाजू लागला. त्याने गजराची वायरच उपटली.

"ऊठ, आई."

 आईने पांघरूण छातीशी ओढलं.

"फॉर्म भरलास?"

"नाही."

"पडले तर रे?"

एकतीस वर्षं टेकडी उतरलेली बाई, आणि हा प्रश्न. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरताना तिने तो कधी कोणाला विचारला नव्हता. तो त्याचा प्रश्न होता, त्याने रोज येऊन थोडाथोडा तिच्यात ओतलेला. त्याला ढसाढसा रडावंसं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता.

"पडशील," तो म्हणाला. "मी पण पडेन. ऊठ."

तिने पाय खाली सोडले. त्याने तिचे ते मोजे ओढून काढले. फरशी गार लागली तशी ती शहारली आणि म्हणाली, की आहेत बरं का, पाय आहेत. मग त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली.  एक पाऊल. शेजारची बाई उठून बसली, सात नंबरवाला उठून बसला, आणि त्याबरोबर दोन गजर वाजले. दुसरं पाऊल. नेमक्या त्याच वेळी दारातून मेट्रनबाई पथकाला घेऊन आत आल्या. तिघं जण, हातात फायली, आणि मेट्रनबाई बोट दाखवून सांगत होत्या, की ह्या आमच्या आदर्श रुग्ण.

तिसऱ्या पावलाला आईचा गुडघा दुमडला. त्याने धरायला झडप घातली, तिच्या पायांत पाय अडकवला आणि दोघं मिळून फरशीवर बसली. तो खाली आणि ती त्याच्यावर, म्हणून तिला फारसं लागलं नाही. त्याचं माकडहाड मात्र चांगलंच शेकलं.

 दोनशे चौदा दिवसांत कोणी पडलंच नव्हतं, त्यामुळे पडलेल्या माणसाचं काय करायचं ते कोणालाच आठवेना. एक सिस्टर नियमांची फाईल शोधायला धावली. मेट्रनबाईंनी डोळे मिटून घेतले. पथकाच्या प्रमुखांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, की नोंदीचा कागद कुठे आहे? नोंद पूर्ण झाल्याशिवाय रुग्णाला हलवायचं नाही असं तुमच्याच नियमावलीत लिहिलंय. अगदी खरं होतं. ते त्यानेच लिहिलं होतं.

कागद आला, पेन आलं. सांभाळूनराव जमिनीवर बसूनच लिहायला लागला. सवय वाईट. वेळ लिहिली, खाटेचा नंबर लिहिला, नातं या रकान्यात मुलगा लिहिलं. मग आलं पडण्याचं कारण, आणि पुढे त्यानेच छापून घेतलेले पर्याय. ओली फरशी. त्याने हाताने फरशी चाचपली, कोरडी होती. अपुरा उजेड. उजेड भरपूर होता, पिवळा का होईना. सैल चप्पल. चप्पलच नव्हती. कर्मचाऱ्याचं दुर्लक्ष. एवढं लक्ष तर त्याने जन्मात कोणाकडे दिलं नव्हतं. शेवटचा रकाना होता, इतर, स्पष्ट करा. पथकाचे तिघंही वाकून बघत होते. कोणीतरी त्याच्या मांडीवरून उठल्यासारखं त्याला वाटलं, गजर ऐकून आलेल्या व्यायामवाल्या बाईंचा आवाज आला, हं, आता टाच टेका, असं काहीसं. पण तो लिहिण्यात गुंतला होता. त्याने खूप विचार केला. मग सात महिन्यांत त्या इस्पितळात कोणी लिहिले नव्हते असे दोन शब्द लिहिले.

"चालत होती."

प्रमुखांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, की हे काय कारण झालं? दुसरं काही नाही का? सांभाळूनराव म्हणाला, नाही साहेब, एवढंच. आणि रुग्ण कुठाय, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याने बाजूला बघितलं. तिथे आई नव्हती. ती वॉर्डाच्या दारात पोचली होती, एक हात व्यायामवाल्या बाईंच्या खांद्यावर, दुसरा चौकटीवर, अनवाणी. धापा टाकत मागे वळून ती त्याला हाका मारत होती, की अरे येतोस ना घरी, का बसतोस तिथेच?